तिसऱ्या लडीतलं रांगतं बाळ

१

रोज सकाळी शेगडी पेटली आणि गेलेल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे वाफाळत्या भाताची वाटी ठेवून झाली, की किनुए बाहुल्यांच्या लडी पुसायला घ्यायची. पुसायच्या म्हणजे पिसांच्या झाडूने फटकारायच्या नव्हेत. ती रीत ज्यांनी जन्मात एक बाहुली शिवली नाही त्यांची. किनुएकडे मऊ केसांचा कुंचला होता. त्याने ती वरून खाली एकेक बाहुली गोंजारल्यासारखी पुसत यायची, आणि पुसता पुसता बोटांनी अंतर बघायची. तुळईला टांगलेलं, लाल कापड गुंडाळलेलं बांबूचं कडं. कड्याला पाच लडी. एका लडीत अकरा बाहुल्या आणि दोन बाहुल्यांमध्ये चार बोटांची जागा, ना कमी ना जास्त. माकडं, कबुतरं, पीच, लाल मिरच्या, कापडी चेंडू, तिकोनी पुरचुंड्या आणि रांगती बाळं. सगळं घरातल्याच जुन्या कपड्यांचं, सगळं हातशिलाईचं.

नातीचा, सायोचा, हा पहिलाच वसंत. तीन मार्चला मुलींचा सण, त्यासाठी या लडी. जपानच्या इझू किनाऱ्यावरच्या या बंदरगावात हल्ली लोक दुकानातून तयार लडी आणतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. किनुए म्हणायची. तोंडावर म्हणायची. सहासष्टाव्या वर्षी भिंग लावून, ऑक्टोबरपासून खपून तिने पंचावन्न बाहुल्या केल्या होत्या. गावातल्या बायका बघायला आल्या की ती चहा ओतताना मुद्दाम गप्प बसे. लडींनीच बोलावं.

चोवीस फेब्रुवारीच्या सकाळी तिसऱ्या लडीपाशी तिचा कुंचला थांबला.

वरून आठवं ते रांगतं बाळ. त्याच्या खाली पीच. दोघांमध्ये चार बोटं बसेनात. तीनच बसत होती.

तिने हात बदलून पाहिलं. तीनच.

दोरा प्रत्येक बाहुलीच्या पोटातून जातो, खाली गाठ असते आणि बाहुली त्या गाठीवर बसते. गाठ सरकली असणार. किनुएची गाठ सरकत नाही, पण म्हातारपण सगळ्यांच्याच बोटांना येतं. तिने गाठ चाचपली. ती तांदळाच्या दाण्यासारखी टणक होती आणि जिथे मारली तिथेच होती. बाळ गाठीच्या खाली उतरलं होतं.

"आई, चहा गार होतोय हं," सून कानाए स्वयंपाकघरातून म्हणाली.

"होऊ दे. सण तुझ्या लेकीचा आणि घाई तुला चहाची."

पोटातलं भोक मोठं झालं असेल, किनुएने मनाशी म्हटलं. बाळ वर ओढून तिने खाली दुसरी गाठ मारली, पहिलीपेक्षा जाड, आणि चहा प्यायला गेली. चहा गारच होता.

२

सायो दहा महिन्यांची. जानेवारीपासून ती अशी रांगत सुटली होती की कानाएने शेगडीभोवती जाळी उभी केली होती. खेकड्यासारखी तिरकी तिरकी जायची, चटईवर तळव्यांचे फटके मारत. घरभर तोच आवाज.

त्या दिवशी दुपारी किनुएला वाटलं, कान बसले की काय. मग लक्षात आलं की घरात आवाजच नाही. सायो लडींच्या खाली बसली होती. पाय पसरून, मान वर करून.

"बघा, कशी ध्यान लावून बसलीये," कानाए म्हणाली. "आजीचं काम आवडलं तिला."

किनुएला बरं वाटलं. का वाटू नये?

दुसऱ्या दिवशीही सायो रांगली नाही. कानाएने चटईच्या टोकाला तांदळाचं बिस्किट ठेवलं. एरवी त्या बिस्किटासाठी तिने डोंगर ओलांडला असता. तिने बिस्किटाकडे पाहिलं, हात जमिनीला टेकवले, कंबर उचलायला गेली आणि तशीच खाली बसली. जमलंच नाही तिला. जणू रांगायचं कसं हे कुणीतरी तिच्या अंगातून काढून घेतलं होतं.

कानाए तिला घाटाखालच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पाय ओढले, गुडघे वाकवले, पोट दाबलं. काही नाही, म्हणाले. काही मुलं रांगणं सोडून एकदम उभीच राहतात.

"म्हणजे हुशार आहे," कानाए परत आल्यावर म्हणाली. पण बोलताना ती सायोचे पाय चोळत होती, आणि हसताना तिचा ओठ जागेवर राहत नव्हता. तिचा नवरा शुंजी बोटीवर होता. तो चार मार्चला बंदरात येणार होता. तोवर तिचं हसणं-रडणं सगळं सासूसमोर.

किनुएने तिसऱ्या लडीकडे पाहिलं. सकाळीच तिने बोटं लावून पाहिली होती. बाळ दोन्ही गाठी ओलांडून खाली आलं होतं. पीचच्या पाठीला त्याचे हात टेकले होते.

समुद्राचा दमट वारा. दमट हवेत दोरा सैल पडतो, हे शिवणकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मग बाकीच्या चोपन्न बाहुल्या का उतरल्या नाहीत, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर शोधायला बसली नाही.

३

सव्वीस तारखेला क्रम बदलला.

पीच वर होतं. रांगतं बाळ त्याच्या खाली.

किनुए स्टूल ओढून बसली. दोरा एकच. वरून खालपर्यंत सलग, अकरा पोटांमधून ओवलेला. आठव्याला नववं करायचं तर खालच्या गाठी कापायच्या, बाहुल्या काढायच्या, पुन्हा ओवायच्या. चांगल्या हाताला अर्धा तास. तिने भिंगातून इंच इंच दोरा पाहिला. कुठे कापलेला नाही, कुठे जोड नाही. दोऱ्यावरचा मेणाचा हातसुद्धा तिचाच.

मग राग आला. राग आला की किनुएला हायसं वाटे. तिचं असंच होतं आयुष्यभर.

"कानाए! इकडे ये. माझ्या लडीला हात कुणी लावला?"

"मी? कधी?"

"मी कधी म्हणून विचारलं नाही. कुणी म्हणून विचारलं."

कानाए ओले हात पुसत दारात उभी राहिली. "आई, मला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तुम्हीच माशांच्या बाजारापासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगता ना? मग मी रात्रीतून अशी काय कारागीर झाले?"

"मग काय माझ्या बाहुल्या चालायला लागल्या?"

"चालायला नाही," कानाए म्हणाली, "ते तर रांगतं बाळ आहे." चेष्टाच होती.  पण बोलून झाल्यावर कानाएने मान वळवून सायोकडे पाहिलं.

सायो आता बसतही नव्हती. लडींखालच्या गादीवर उताणी पडून होती. डोळे उघडे, अंग सैल, आणि नजर तिसऱ्या लडीवर. एकदाही दुसरीवर नाही, चौथीवर नाही.

"तिला दुसऱ्या खोलीत निजव," किनुए म्हणाली.

"नेते की. पण तिथे नेलं की रडते. श्वास कोंडेपर्यंत रडते. काल नेलं होतं." कानाएचा आवाज बारीक झाला. "आई, मी काही चुकतेय का? खाण्यात काही? मला सांगा. तुम्ही दोन वाढवलीत."

"एक," किनुए म्हणाली. "शुंजी एकटाच."

"हो. एकच. चुकलं माझं."

कानाए खाली बघत राहिली. शुंजीने तिला सांगितलं असणार की त्याच्या आधी एक बहीण होती. घरात कुणी तो विषय काढत नसे. किनुएने कुंचला उचलला आणि पहिल्या लडीपासून पुन्हा पुसायला सुरुवात केली. जोर जास्त झाला आणि माकडाचा कान दुमडला.

४

तोकुए शेजारीण, ब्याऐंशी वर्षांची, गावातल्या यच्चयावत बाळंतपणांना आणि मयतांना हजर. एक मार्चला ती काठी टेकत लडी बघायला आली.

"अगं किनुए, सापडलं ग सापडलं! तुझ्या घमेंडीचं कारण सापडलं," आत पाऊल टाकताच तिने सुरू केलं. "हे बघितल्यावर मला माझ्या सुनेच्या लडी विहिरीत टाकाव्याशा वाटतात."

"टाक. विहीर नको म्हणेल."

दोघी हसल्या. तोकुए लडींजवळ गेली. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नसे, त्यामुळे ती बोटांनी बघायची. माकड, चेंडू, कबूतर. "टाके आहेत की उंदराचे दात! वा." हात तिसऱ्या लडीवर आला. खाली खाली सरकत शेवटच्या बाहुलीपर्यंत पोचला.

रांगतं बाळ आता अकरावं होतं. सगळ्यांच्या खाली. त्याचे तळवे जमिनीकडे.

तोकुएने हात झटकन मागे घेतला.

"शेगडीजवळ टांगलंस का ग हे?"

"शेगडी त्या कोपऱ्यात आहे."

"मग गरम कशाने?"

किनुए चहाची किटली उचलायला वळली. तोकुए काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. वर पाहिलं. "आणि हे कडं एका बाजूला झुकलंय. तू तर वजन तोलून बांधतेस. तुझं कडं झुकतं कधी?"

ते खरं होतं. कडं तिसऱ्या लडीच्या बाजूला कललं होतं, कुणीतरी लडीला लोंबकळावं तसं. तुळईवरचा दोर मधूनच करकरायचा. किनुएने दोन दिवस तो आवाज ऐकला होता आणि बांबू सुकतोय असं म्हटलं होतं.

तोकुए तिच्या जवळ आली. आवाज उतरवून म्हणाली, "फुमीच्या लडी तू जाळल्यास ना ग?"

एकोणचाळीस वर्षांत ते नाव या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

"जाळल्या. तूच होतीस की बाजूला. जानेवारीत देवळाच्या पटांगणात जुन्या वस्तू जाळतात, त्या होळीत."

"होते मी. परडी रिकामी केलीस ते पाहिलं. मोजलं कुठे होतं?" तोकुएने तिच्या मनगटावर हात ठेवला. "बाहुली पोरीचं दुखणं स्वतःत ओढून घेते, म्हणून तर शिवतो आपण. पोर मोठी झाली की जाळायची. पोर गेली तरी जाळायची. ओढून घेतलेलं तिच्यात तसंच ठेवू नये. तुला काय सांगायचं, तू मला शिकवशील."

"शिकवीनच. चहा घे."

तोकुए चहा न घेता गेली. त्या बाईने आयुष्यात कधी चहा सोडला नव्हता.

तिने मोजलं नव्हतं, पण किनुएला आकडा ठाऊक होता. त्या होळीत चोपन्न जळल्या. एक नाही. फुमी अकरा महिन्यांची होऊन गेली, दोन दिवसांच्या तापाने, तेव्हा तिच्या मुठीत एका रांगत्या बाळाचा पाय होता. ती मूठ किनुएने स्वतः सोडवली. ते बाळ तिला आगीत टाकवेना. शिवणाच्या पेटीच्या तळाशी, बटणांच्या डब्याखाली ते राहिलं. या ऑक्टोबरमध्ये तिने ते काढलं. वरचं कापड विरलं होतं, आतला कापूस चांगला होता. चांगला कापूस टाकायचा कशाला, असं तिने स्वतःला सांगितलं. लग्नातल्या आतल्या किमोनोची लाल बाही कापून तिने त्याच कापसावर नवं अंग शिवलं. घरात सण आहे, त्यात थोरलीचंही काहीतरी असू दे, एवढंच मनात होतं. कापूसबिपूस काय, बहाणा होता तो.

५

दोन मार्चला दुपारी कानाए बाजारात गेली. उद्याच्या भातासाठी कमळकंद, अंड्याची पट्टी. किनुए स्वयंपाकघरात रश्शासाठी सकाळी आणलेले शिंपले मिठाच्या पाण्यात घालत होती. सायो मधल्या खोलीत, गादीवर. दार अर्धं उघडं. ऊन कागदी दारांवर पिवळं झालं होतं. बाहेर घारी ओरडत होत्या.

सर्र. सर्र. थप.

किनुएचे हात पाण्यात थांबले.

सर्र. थप. थप. चटईवर गुडघे ओढल्याचा आवाज, तळवे टेकल्याचा आवाज. रांगतेय! पोर रांगतेय! सहा दिवसांनी!  ओल्या हातांनीच किनुए दाराशी गेली.

सायो गादीवर होती. उताणी, जशी ठेवली होती तशीच. दुलईची घडीसुद्धा मोडली नव्हती. फक्त मान वळलेली, आणि डोळे दाराकडे. किनुएकडे नव्हे. किनुएच्या पायांच्या जरा पुढे, खाली, चटईवर.

तिथे काही नव्हतं.

लडी स्थिर होत्या. चार लडी. तिसरी हलत होती, लंबकासारखी, सावकाश, नुकतंच कुणी सोडून दिल्यासारखी. तिच्या टोकाचं बाळ आता चटईपासून बोटभर वर होतं. दोरा ताणून तारेसारखा झाला होता. कडं करकरलं.

तुझे कान म्हातारे झालेत, किनुए. शेजारच्या घरात कुणी चटई झाडत असेल. वाऱ्याने लड हलली असेल. दार उघडल्याचा वारा. हो ना? दार तर आधीपासूनच अर्धं उघडं होतं.

तिने सायोला उचललं. पाय गार होते, दोन्ही तळवे गार, गुडघ्यांपर्यंत गार. ती ते चोळत बसली, कानाए चोळायची तसे, आणि चोळताना पाठ लडींकडे केली. पाठ केल्यावर जास्तच कळत होतं की मागे काहीतरी आहे आणि ते वाट बघतंय. तरी ती वळली नाही. कानाए पिशव्या घेऊन आली तोपर्यंत ती तशीच बसून होती.

"आई, तुमचे डोळे का लाल झालेत?"

"कांदा."

"आज कांदा कुठे होता?"

"तुझ्या डोक्यात."

६

सणाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, कानाए भातात व्हिनेगर कालवत असताना, किनुएने कात्री घेतली. सणाच्या दिवशी लड कापणं म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं. बारा वाजता बायका येणार. तिसऱ्या लडीत दहाच बाहुल्या बघतील आणि गावभर बोलतील. बोलू देत. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं काही वाटलं नाही. पोरीने सकाळी मानही वळवली नव्हती.

तिने बाळाखाली तळहात धरला आणि दोरा कापला.

हात खाली गेला. खांद्यातून कळ आली. हातभर लांबीचंही नसलेलं चिंध्यांचं बाळ, आणि वजन केवढं! तांदळाच्या मोठ्या पिशवीएवढं. नाही, पिशवीएवढं नाही. एवढं वजन किनुएने ज्या गोष्टीचं उचललं होतं ती पिशवी नव्हती. वर कडं हिसक्याने सरळ झालं आणि चोपन्न बाहुल्या थरथरल्या.

"मी आलेच," तिने स्वयंपाकघराकडे न बघता म्हटलं.

"आत्ता कुठे?"

"आलेच म्हटलं ना!"

वर्तमानपत्रं, काडेपेटी, झाकणाचा डबा. बंदराच्या पलीकडे गोट्यांचा किनारा आहे, तिथे जाळी दुरुस्त करणारे कचरा पेटवतात. सकाळचं लख्ख ऊन होतं, समुद्र निळा, आणि वाटेत भेटलेल्या दोन बायकांनी सणाच्या शुभेच्छा दिल्या. किनुएने मान लववली. पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने बाळ डाव्या खांद्याशी धरलंय, डोकं मानेत, आणि उजवा हात त्याच्या पाठीवर थोपटतोय. आपोआप. केव्हापासून, कोण जाणे.

तिने थोपटणं थांबवलं. खांद्याला ऊब लागत होती. त्या उबेत फार बारीक, श्वासासारखं वर-खाली होत होतं.

डब्यात कागद पेटले. जाळ धरला. किनुएने बाळ दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि तिचे हात तिथेच राहिले.

यात फुमी असेल, तर एकोणचाळीस वर्षांपूर्वीच जाळायला हवी होती. छाती फुटली तरी आज जाळीन. पण सायोचं रांगणं कुठे गेलं? तिची कंबर, तिचे गुडघे, तिची मान, हे सगळं आठवडाभरात कुठे गेलं? ते यातच नसेल कशावरून? ही जी ऊब आहे ती कुणाची?

तिने बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. रांगत्या बाळाला नाकडोळे काढत नाहीत, पांढरा कोरा गोळा असतो. कोऱ्या गोळ्यावरून काय ओळखणार.

जाळ विझत आला. तिने आणखी कागद टाकले. पुन्हा हात पुढे, पुन्हा तेच. शेवटी ती दगडावर बसली, एप्रनच्या खिशातली बारीक कात्री काढली आणि तिला जे येत होतं ते करायला लागली. पाठीची शिवण उसवायला. जे आत कोंडलंय ते मोकळं होऊ दे. ज्याचं त्याला जाऊ दे. स्वतःचेच टाके, उंदराच्या दातांएवढे. एक, दोन, पाच. आपण एवढे बारीक टाके का घालतो, म्हणून तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा राग आला.

शेवटचा टाका सुटला तेव्हा मांडीवरचं वजन गेलं. हळूहळू नव्हे. एकदम, मांडीवरून कुणी उठावं तसं.

तिने शिवण फाकवली. जुना पिवळट कापूस. आणि कापसाच्या मधोमध एक खळगा. पोर कुशीवर झोपून उठलं की गादीत पडतो तसा, पाठीचा बाक, गुडघ्यांचा दाब, डोकं टेकलेलं वाटोळं. तिने खळग्यात बोट ठेवलं. आत अजून गरम होतं.

जुना कापूस असाच बसतो, तिने मोठ्याने म्हटलं. वर्षानुवर्षं दाबलेला कापूस गोळा होतो आणि आत पोकळी पडते. कुणालाही विचारा.

मग तिने कापड आणि कापूस डब्यात टाकला. तो साध्या कापसासारखा जळला, थोडा धूर, जरा वास. राख गोट्यांमध्ये उडाली. किनुएला रडू आलं, आणि रडताना इतकं हलकं वाटलं की घाट चढताना तिला दम लागला नाही.

७

जोडे काढत असतानाच आतून आवाज आला. थप. थप. सर्र. आणि कानाएचं हसणं, रडणं, दोन्ही एकात.

"आई! आई, लवकर या! रांगली! तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासात बसली, आणि आता बघा, बघा कशी!"

किनुए दारातच गुडघ्यांवर बसली. मधल्या खोलीच्या त्या टोकाला कानाए, हात पसरलेले, गालांवर ओघळ. मध्ये सायो, चार पायांवर. गाल लाल, डोळे चमकते. देवा, किनुएच्या मनात आलं, झालं. सुटलं पोर.

सायो कानाएकडे पाठ करून रांगत होती. सरळ. तिरकी अजिबात नाही. चटईच्या काठाच्या रेषेवरून, एका दमात, दाराकडे. किनुएच्या मांडीपाशी आली, तिच्या एप्रनला धरून उभं राहायची खटपट केली, आणि हात वर केले.

"बघा बाई! आईला सोडून आजीकडे!" कानाए हसत जवळ आली. "मी इतके दिवस पाय चोळले आणि मला विचारतसुद्धा नाही. चला राणीसाहेब, दूध प्यायचं ना?"

तिने हात पुढे केले. दहा महिन्यांत हे पोर त्या हातांशिवाय दुसऱ्या कुणाकडे टिकलं नव्हतं. किनुएने घेतलं की दोन मिनिटांत ओठ काढायचं. आता त्याने कानाएच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, नीट, थोडा वेळ, पाहुणीला बघावं तसं. आणि भोकाड पसरलं. किनुएच्या मानेत तोंड खुपसून दोन्ही मुठींनी तिची बाही गच्च धरली.

"अगं, काय झालं? मी आहे, आई," कानाए म्हणाली. हसू तोंडावर तसंच होतं, फक्त त्याच्या मागे आता काही नव्हतं.

"आजारातून उठलंय पोर," किनुए म्हणाली. "बिथरतात. होतं असं."

होतं असं. तिने दोन्ही हातांनी पोराला धरलं होतं, आणि तिचा उजवा हात पाठीवर थोपटत होता. रडणं थांबलं. मानेपाशी ऊबदार श्वास लागत होता. एवढ्या वर्षांत कुठल्याही वजनाने तिच्या अंगाला एवढं सुख दिलं नव्हतं, आणि त्या सुखाचीच तिला भीती वाटली.

"सायो," तिने हाक मारली.

पोर स्वस्थ पडून राहिलं.

"सायो. सायो-चान. इकडे बघ."

कानाएनेही हाक मारली. टाळी वाजवली. फाटकाशी बायकांचे आवाज आले होते, कुणीतरी लवकर आलं होतं, आणि तोकुएची काठी दगडांवर वाजत होती. पोराने मान उचलली नाही.

आणखी एक हाक होती, एकोणचाळीस वर्षं न मारलेली. ती मारली की कळलं असतं. कानाए समोर उभी होती, सासूच्या तोंडाकडे बघत, जणू या घरातलं जे काही कळायचं ते त्याच तोंडातून येणार होतं.

किनुएने ओठ घट्ट मिटून घेतले. तिला माहीत होतं, पोर वळेल.